शामला भोयरचा लेखी खुलासा

शामला भोयर चौदा वर्षांपासून तात्पुरती आहे. चौदा वर्षांत पाळण्यातलं पोरगं मिसरूड फुटून बापाशी भांडायला लागतं, पण शामलाचं पद काही कायम होत नाही. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक महिना घरी, मग पुन्हा अकरा महिन्यांची ऑर्डर. आता त्या मधल्या महिन्यात कॉलेजची कॉम्प्युटर लॅब कोण सांभाळतं म्हणाल, तर तीच. फक्त तेव्हा ती "मदत म्हणून" येते.

कॉलेजचं नाव मी घेत नाही. नागपूरच्या चारही दिशांना इंजिनिअरिंग कॉलेजं पानठेल्यांसारखी उगवली आहेत, त्यातलं कोणतंही धरा. शामला राहते कामठीला. नवरा वामनराव कामठीहून नागपूरच्या सदर भागापर्यंत शेअर ऑटो चालवतो आणि रोज सकाळी बायकोला त्याच ऑटोत घेऊन जातो, पण चांगली सीट सवारीला. बायको ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या सीटवर, एक पाय आत आणि एक बाहेर. सदरहून पुढे कॉलेजची बस.

ती शिकलेली बीए. लॅबमध्ये लागली ती धूळ पुसायला आणि पोट्ट्यांनी चोरून नेऊ नयेत म्हणून माऊस मोजायला. बाकीचं सगळं उभ्या उभ्या शिकली. म्हणजे अक्षरशः. सरांच्या खुर्चीमागे उभी राहायची आणि बघायची. सर पुण्याला गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. ते बंगलोरला गेले, तिसरे आले. जो तो जाताना एखादी गोष्ट दाखवून जायचा, "ताई, हे असं अडलं की असं करायचं." अशी चौदा वर्षांत ती इतकी शिकली की नवीन आलेल्या सरांना लॅब तीच दाखवायची. मुलांच्या हातात जी प्रयोगपुस्तिका असते, ती तिनेच तोंडी सांगितली होती. छापताना मुखपृष्ठावर नाव आलं विभागप्रमुखांचं.

विभागप्रमुख म्हणजे उन्मेष देवपुजारी. प्रतापनगरचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, डब्यात कापलेली फळं. वाईट नव्हता हो. माणसाला तो कधी वाकडं बोलला नाही. फक्त कागदाला फार भ्यायचा. त्याच्या टेबलावर कागद आला की तो आधी त्याला लांबूनच बघायचा.

यंदा कॉलेजला प्रयोगशाळा सहायकाची एक कायम जागा मंजूर झाली होती. शामलाने अर्ज केला. अर्जावर विभागप्रमुखांची शिफारस हवी. उन्मेष सर शिफारस द्यायला एका पायावर तयार, पण फॉर्मवर नऊ नंबरचा रकाना होता: उमेदवारास तांत्रिक ज्ञान असल्याचा लेखी पुरावा, विभागप्रमुखांनी खरा असल्याचे प्रमाणित केलेला.

"डिप्लोमा आहे का?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

"एखादं सर्टिफिकेट? कोर्स?"

"चौदा वर्षं लॅब चालवून राहिली ना मी, सर."

"ते मला माहीत आहे, शामलाताई. पण मला माहीत असणं हा लेखी पुरावा नाही ना."

"अन् प्रयोगपुस्तिका?"

सर खिडकीतून बाहेर बघायला लागले. पुस्तिकेवर कोणाचं नाव आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी म्हणाले, "ऑक्टोबरचं प्रॅक्टिकल नीट पार पडू द्या. मग बघतो. काहीतरी करू." आणि फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला. अर्जाची शेवटची तारीख ऑक्टोबरअखेर होती. शामलाने घरी येऊन सांगितलं तर वामनराव म्हणाला, "काहीतरी करू म्हणजे काहीच नाही करत, वं." नवऱ्याला एवढं कळतं आणि तरी ऑटोत चांगली सीट देत नाही, याचा तिला त्या दिवशी फार राग आला.

आता खंडेनवमीचं ऐका. दरवर्षी खंडेनवमीला शामला लॅबची पूजा करायची. छत्तीस कॉम्प्युटर बंद करायचे, पुसायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं एकेक फूल ठेवायचं. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याला आराम. दसरा झाला की चालू. तेरा वर्षं केलं, कशाला काही धाड भरली नाही.

पण यंदा जुलैत कॉलेजने एक मोठा सर्वर घेतला. टेबलावरचे जुने कॉम्प्युटर आता नुसते बघायचे पडदे झाले आणि मुलांची खरी कामं गेली सर्वरच्या पोटात. पोटात म्हणजे असं, की त्या एका मशीनच्या आत छत्तीस खोटी मशीन केलेली. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. हात लावून दाखवता येत नाही, पण प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र आहोत. प्रत्येकाला नेटवर्कवरचा आपापला पत्ता. तो पत्ता टेबलावर स्टिकरने चिकटवलेला. मुलाने टेबलाशी बसायचं, स्टिकरवरचा पत्ता टाईप करायचा, की सर्वरच्या पोटातलं त्याचं मशीन समोर हजर. छत्तीस स्टिकर शामलानेच कापून चिकटवले होते, वरून टेपही लावला होता, पोट्टे नखाने काढतात म्हणून.

नवमीच्या आदल्या संध्याकाळी तिने सहज विषय काढला. "अजी, यंदा तर एकच मशीन आहे. थे कधी बंदच नसते करत म्हणते. पूजा कशी करू?"

वामनराव ऑटो धूत होता. "माहा ऑटो एक दिवस उभा राहते. तुह्या त्या डब्ब्याले काहून आराम नाही? थो काय मिनिस्टर आहे का?"

झालं. बुधवारी दुपारी कॉलेज सामसूम. उन्मेष सर पुण्याला कुठल्या परिषदेला गेलेले. शामलाने छत्तीस मशीन एकेक करून शिस्तीत बंद केली, मग सर्वर बंद केला, पुसला, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, पुढे नारळ ठेवला. नारळ फोडला नाही. सर्वरवर पाणी उडेल, एवढी अक्कल तिला होती. हात जोडले आणि मनात म्हणाली, बापा, मले कायम कर.

गुरुवारी दसरा, शुक्रवारी सुट्टी. शनिवारी कॉलेजच्या हॉलमध्ये व्यवस्थापनाचं दसरा मिलन. अडीचशे माणसं आली, सोनं लुटलं, समोसे खाल्ले आणि प्रत्येकाने आपला फोन कॉलेजच्या वायफायला जोडला.

सोमवारी सकाळी दहाला प्रॅक्टिकल. बाहेरून परीक्षक येणार. शामला आठलाच आली, सर्वरला नमस्कार केला आणि चालू केला. छत्तीसच्या छत्तीस मशीन जागी झाली. ती खूश. मग टेबल नंबर एकवर बसून स्टिकरवरचा पत्ता टाईप केला. काही नाही. टेबल दोन, काही नाही. टेबल सातवर एक मशीन उघडलं, पण ते टेबल एकोणीसचं होतं. टेबल बारावर प्राचार्यांच्या केबिनमधला प्रिंटर आला आणि म्हणाला, कागद संपला आहे.

काय झालं हे शामलाला लगेच कळलं, तेच वाईट. पत्ते काही त्या मशीनांच्या मालकीचे नव्हते. कॉलेजचा राऊटर ते वाटायचा. जोवर मशीन चालू होती तोवर ज्याचा पत्ता त्याच्याकडे. हिने पाच दिवस सगळ्यांना झोपवलं, राऊटरला वाटलं गेली वाटतं ही मंडळी, आणि त्याने त्यांचे पत्ते दसरा मिलनवाल्यांच्या फोनांना देऊन टाकले. आज मशीन उठली तर जे उरले होते ते पत्ते जसे हाताला लागले तसे वाटले गेले. कोणाला कोणता, देवाला ठाऊक. आणि राऊटरला, पण राऊटरचा पासवर्ड होता ठेकेदाराकडे, ठेकेदार होता गोंदियाला सासुरवाडीला, आणि त्याचा फोन बंद.

पावणेनऊला उन्मेष सर आले. त्यांनी दोन टेबलं बघितली.

"हे काय झालं?"

"लाइट गेली होती, सर," शामला म्हणाली.

हे तिच्या तोंडून गेलं कसं, तिलाच कळलं नाही. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पण ड्रॉवरमधला तो फॉर्म डोळ्यांसमोर आला आणि जीभ आपली आपण चालली. सर म्हणाले, "ही लाइट ना," आणि मटकन खुर्चीवर बसले. झेंडूचा हार तिने सकाळीच उतरवून पिशवीत घातला होता. नारळ पण. तिला वाटलं, सुटलो.

"प्रत्येक मशीनमध्ये शिरून बघू," सर म्हणाले.

"पोट्ट्यांचे पासवर्ड आहेत, सर. पोट्टे दहाले येतील. मंग एकेकाले सर्वरसमोर बसवून पत्ता पाहत बसलो तर दुपार होईल."

"मग प्रॅक्टिकल पुढे ढकलावं लागेल. परीक्षक काय लिहितील रिपोर्टात? प्राचार्य मला—"

शामला सर्वरसमोर बसली. खुर्चीत बसली, हे सांगायला हवं, कारण आता उभे होते उन्मेष सर. तिच्या मागे. चौदा वर्षांत पहिल्यांदा असं उलटं झालं होतं, पण दोघांनाही तेव्हा त्याचं काही नव्हतं.

तिने सर्वरला आधी सरळ विचारलं, बाबा, तुझ्या पोटात छत्तीस आहेत, सांग कोणाचा पत्ता काय. सर्वरने कोरा तक्ता दाखवला.

"याला माहीतच नाही," सर म्हणाले.

"कसं माहीत असेल, सर? यानं वाटले असते तर याच्या वहीत असते. वाटले राऊटरनं." ती स्वतःशीच पुटपुटली. "पण जन्म तर यानं दिला ना."

प्रत्येक व्हर्च्युअल मशीन करताना सर्वर तिला एक नेटवर्क कार्ड देतो, तेही खोटंच, आणि त्या कार्डावर एक नंबर असतो. मॅक नंबर. पत्ता बदलतो, हा बदलत नाही. शामलाने सर्वरकडून छत्तीस जणांचे मॅक नंबर मागवले. ते मात्र त्याने भडाभडा दिले, मशीनच्या नावासकट. सगळ्यांची सुरुवात सारखी, बावन्न, चोपन्न, शून्य शून्य. पुढचं ज्याचं त्याचं वेगळं. ही सुरुवात म्हणजे भोयर, असं ती मनात धरायची. घराण्याचं नाव एक, माणसं वेगळी.

"आता याच्या शेजारपाजारची यादी पाहू," ती म्हणाली. सर्वर ज्या कोणाशी नुकताच बोलला असेल त्याचा पत्ता आणि मॅक नंबर, दोन्ही तो थोडा वेळ लक्षात ठेवतो. यादी काढली. पाच नावं. त्यातलं एकही भोयर नाही.

"पाचच?" सर म्हणाले.

"हा नुकताच उठला, सर. कोणाशी बोललाच नाही अजून. ज्याच्याशी बोललाच नाही त्याले कसा ओळखेल? थांबा, मी हजेरी घेतो."

आणि तिने हजेरी घेतली. त्या नेटवर्कवर एक ते दोनशे चोपन्न असे पत्ते असू शकतात. तिने सर्वरला सांगितलं, एकापासून सुरू कर आणि प्रत्येक पत्त्याला हाक मार. कोणी आहे का? कोणी आहे का? वर्गात मास्तर रोल नंबर घेतात तसं. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. कोणी ओ दिली, कोणी नाही दिली. प्रिंटरने दिली. कॅन्टीनच्या टीव्हीने दिली. दोन मिनिटांत सगळं झालं आणि तिने शेजारपाजारची यादी पुन्हा काढली. आता ती चांगली हातभर लांब होती. त्यातून तिने हाकेला ओ दिलेले बावन्न चोपन्नवाले तेवढे कागदावर काढून सरांच्या हातात दिले, बाकी फोन आणि फालतू लोक बाजूला.

मग शामला मॅक नंबर वाचायची, सर पत्ता सांगायचे, ती टेबलाच्या नंबरापुढे कागदावर लिहायची. उन्मेष सरांना हे फार आवडलं. ते एखाद्या हुशार पोरासारखे बोट ठेवून पत्ते शोधत होते. "सापडला! टेबल अकरा, एकशे ब्याऐंशी." साडेनऊला हाताने लिहिलेली नवी स्टिकरं टेबलांवर लागायला लागली.

हाकेला ओ देणाऱ्यांची यादी सरांच्या हातात होती. त्यांनी मोजलं. "पस्तीसच आहेत. तेवीस नंबर नाही."

तेवीस नंबर म्हणजे रितिका चौधरी. वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. ती बाहेर कॉरिडॉरमध्ये आलीच होती, तिला आत बोलावलं. ऐकून तिचे डोळे भरून आले. "सर, माझा पूर्ण प्रोजेक्ट त्याच्यातच आहे."

"मशीन गेलं दिसतं," सर हळूच म्हणाले. "हाकेला उत्तरच देत नाही. लाइट गेली तेव्हा बिघडलं असेल."

हे ऐकून शामलाला कुणीतरी आत चिमटा काढावा तसं झालं. लाइट गेलीच नव्हती. बिघडलं असेल तर तिच्यामुळे बिघडलं. पोरीचं वर्ष आणि आपलं पूजेचं चिमूटभर कुंकू, असा हिशोब तिच्या डोक्यात आला.

"रितिका, खरं सांग," ती म्हणाली, "तू तुह्या मशीनमध्ये काही कलाकारी केली का?"

रितिका खाली मान घालून म्हणाली, "तो सौरव आहे ना, ताई, तो सारखा माझ्या मशीनला पिंग मारून त्रास देत होता. रात्रंदिवस. म्हणून मी ते बंद करून टाकलं. कोणी हाक मारली तर उत्तरच द्यायचं नाही, असं."

"हत् तुह्या!" शामला एवढ्या जोरात म्हणाली की सर दचकले. "मंग मेली नाही ना थे! रुसली आहे!"

आणि तिने सरांच्या हातातली ओ देणाऱ्यांची यादी बाजूला ठेवून शेजारपाजारची यादी वर ओढली. सरांना काही कळेना, तर ती पडद्यावर बोट ठेवून भराभर सांगत गेली. हाक मारण्याआधी सर्वरला सगळ्यांना विचारावं लागतं, की या पत्त्यावर कोण राहतं? हे विचारल्यावर ज्याचा पत्ता आहे त्याला आपला मॅक नंबर सांगावाच लागतो, नाहीतर त्याच्यापर्यंत काहीच पोचणार नाही. पुढे हाकेला ओ द्यायची की नाही, ते त्याच्या मर्जीवर. म्हणजे ती दारात येऊन उभी तर राहिली होती, फक्त तोंडातून शब्द काढला नव्हता.

"हे पाहा. बावन्न, चोपन्न, शून्य शून्य, अन् शेवटी रितिकाचा नंबर. पत्ता दोनशे सात."

रितिकाने दोनशे सात टाईप केलं. मशीन उघडलं. प्रोजेक्ट जागच्या जागी. पोरगी रडलीच. शामलालाही रडू आलं, पण तिने ते गिळलं आणि सौरवला शोधून त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. दहाला पाच कमी होते.

परीक्षक मयुरा मॅडम वेळेवर आल्या. प्रॅक्टिकल लोण्यासारखं पार पडलं. उन्मेष सर कापलेली फळं मॅडमच्या पुढे करून हसत होते. जाता जाता मॅडम म्हणाल्या, तुमचा नवीन सर्वर बघू तरी. सरांनी उत्साहाने मागची खोली उघडली. मॅडम वाकल्या आणि म्हणाल्या, "अय्या, पूजा केली वाटतं! आमच्याकडे कोणी करत नाही हो असं."

हार काढला होता, नारळ काढला होता. स्वस्तिक राहिलं होतं. आणि पंख्याच्या जाळीत झेंडूच्या चार पाकळ्या अडकून फुर्र फुर्र करत होत्या.

मॅडम गेल्या. सर शामलाकडे वळले. "लाइट गेली होती?"

शामलाने जाळीतल्या पाकळ्या काढून मुठीत घेतल्या. मग म्हणाली, "नाही सर. खंडेनवमी होती. मीच बंद केलं. अन् खोटं पण मीच बोलली."

उन्मेष सरांना राग क्वचित येई, आणि आला की त्यांचं मराठी एकदम सरकारी होई. "मला याबाबत आजच लेखी खुलासा पाहिजे."

शामलाने दोन ओळींचा खुलासा लिहून नेला, चूक झाली, माफी असावी. सरांनी परत केला. उद्या व्यवस्थापनातून कोणी विचारलं तर आपल्याकडे सगळं कागदावर पाहिजे, ही भीती त्यांच्या मानेवर बसली होती. "असं नाही चालणार. सविस्तर लिहा. काय केलंत, त्याचा परिणाम काय झाला, दुरुस्ती कोणी केली, कशी केली, कोणत्या क्रमाने. एकही गोष्ट वगळायची नाही."

मग ती बसली लिहायला. ऑफिसच्या भाषेत तीन पानं झाली. मी, शामला वामनराव भोयर, तात्पुरती प्रयोगशाळा सहायक, असा खुलासा करते की, दिनांक एक रोजी खंडेनवमीनिमित्त सर्वर मी बंद केला. मशीनांचे पत्ते राऊटरकडून मिळत असल्याने ते बदलले. सर्वरकडे पत्त्यांची नोंद नसल्याने मी प्रथम छत्तीस मशीनांचे मॅक नंबर काढले. नंतर एक ते दोनशे चोपन्न पत्त्यांना हाक देऊन सर्वरची शेजारयादी भरून घेतली. नंतर दोन्ही याद्या जुळवल्या. तेवीस क्रमांकाचे मशीन उत्तर देत नसूनही जिवंत असल्याचे शेजारयादीवरून सिद्ध केले. प्रत्येक ठिकाणी कोणती आज्ञा दिली, तीही तिने जशीच्या तशी लिहिली. वगळायचं नाही म्हणाले होते ना.

सरांनी तिन्ही पानं वाचली. लाल पेनाने खाली लिहिलं: "वाचले. वरील सर्व मजकूर वस्तुस्थितीस धरून असल्याची मी स्वतः खात्री केली आहे." सही, शिक्का, तारीख. आता ही माघार घेऊ शकत नाही, असं त्यांना वाटलं. शामला खुलासा घेऊन आवक विभागात गेली, तिथे नंबर पडला, आणि नियमाप्रमाणे तिने झेरॉक्सवर पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कोणताही कागद हातातून सोडायचा नाही, हे तात्पुरत्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

बसमध्ये ती खिडकीशी बसून फार रडली. चौदा वर्षांत एक चूक, तीही देवाच्या नावानं, आणि ती नेमकी कागदावर. कायम होणं गेलं, हे तिने धरूनच टाकलं. संध्याकाळी सदरला वामनरावने तिचं तोंड पाहिलं आणि एका सवारीला उठवून बायकोला मागच्या चांगल्या सीटवर बसवलं. तेव्हा तर तिला आणखीनच रडू आलं.

रात्री जेवणं झाल्यावर तिने ती पोचेची प्रत नवऱ्याला वाचून दाखवली, आपली किती बदनामी झाली ते कळावं म्हणून. वामनराव आठवी पास. त्याला मॅक नंबर काय आणि राऊटर काय. तीन पानं त्याने गप ऐकली आणि म्हणाला, "इतलं येते तुले?"

शामलाने तिसरं पान पुन्हा वाचलं. लाल शाईतलं, झेरॉक्समध्ये काळं झालेलं, पुन्हा वाचलं. मग उठली आणि दिव्याखाली जाऊन अजून एकदा वाचलं.

शेवटच्या तारखेला ती उन्मेष सरांच्या केबिनमध्ये गेली. सरांनी ड्रॉवरमधून फॉर्म काढला आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "शामलाताई, मला वाईट वाटतं. पण नऊ नंबरचा रकाना कोराच आहे. आणि परवाचं ते प्रकरण."

"नऊ नंबरचंच आणलं, सर," म्हणून तिने तीन पानं टेबलावर ठेवली.

सरांनी लांबूनच बघितलं. "हा तर खुलासा आहे. चुकीचा खुलासा."

"हाव सर. चूक माहीच आहे. पण तांत्रिक आहे की नाही?"

सरांनी पानं जवळ ओढली.

"लेखी आहे की नाही? आवक नंबर आहे, हे पाहा. अन् विभागप्रमुखांनी खरा असल्याचं प्रमाणित केलेलं पाहिजे म्हणते फॉर्म. तर हे लाल शाईत तुम्हीच लिहलं. सर्व मजकूर, म्हणून लिहलं. थोडा मजकूर, असं नाही लिहलं."

उन्मेष सरांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. शेवटी स्वतःच्या सहीवर येऊन थांबले. बाहेर प्रॅक्टिकलची पोरं खिदळत होती. चूक खरी म्हणावी तर ज्ञानही खरं ठरत होतं, आणि ज्ञान खोटं म्हणावं तर स्वतःचीच सही खोटी ठरत होती. मग काय झालं कोण जाणे, त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग चांगलं मोठ्याने.

"आणि पुढच्या खंडेनवमीला काय?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"बंदच राहील, सर. एक दिवस आराम पाहिजे त्याले पण. ठेकेदार गोंदियाहून आला, त्याच्यापाशी बसून मी राऊटरमध्ये ज्याचा पत्ता त्याच्या मॅक नंबरशी बांधून टाकला. आता पाच दिवस झोपले की पन्नास दिवस, उठले की आपापल्या घरीच जातील."

"हे मला सांगितलं नाहीत तुम्ही."

"लेखी देऊ का?"

सरांनी पेन उघडलं. नऊ नंबरच्या रकान्यात लिहिलं, पुरावा सोबत जोडला आहे, पाने तीन. आणि शिफारशीखाली सही केली. शिक्का मारला. फॉर्म तिच्यापुढे सरकवला, पण शामला काही उठेना. तिने पिशवीतून त्याच फॉर्मची झेरॉक्स काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"सर, पोच."